कडीवरची टोपी

पिंपळापुरे साहेब सकाळच्या पॅसेंजरने उतरले, तेव्हा मी मालधक्क्याजवळ लाकडाच्या वाघिणीवर, म्हणजे लाकूड भरलेल्या मालडब्यावर, खडूने ‘बोरखेडी’ लिहीत होते. साहेबांनी छत्री काखेत मारली, चष्मा पुसला आणि मला वरपासून खालपर्यंत असं न्याहाळलं, की जणू मीच एक मालाची वाघीण आहे आणि माझ्यावर कुठल्या स्टेशनचं नाव टाकावं ते त्यांना सुचत नाहीये.

“ह्याच का त्या ढोकेबाई?” त्यांनी स्टेशनमास्तरांना विचारलं.

“होय साहेब. सुखदेव ढोकेची पत्नी. आज कामावर सहा महिने पुरे झाले.”

“आणि ह्या लुगडं नेसून गाड्या जोडणार?”

“कासोट्याचं हाय साहेब,” मीच उत्तर दिलं. “धावता येते, वाकता येते. अडकत नाई कुठी.”

मास्तर उगीच खोकले. साहेब हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. “बघू,” म्हणाले आणि चहा प्यायला मास्तरांच्या खोलीत गेले.

मी त्यांच्या पाठमोऱ्या छत्रीकडे पाहत राहिले. तोंडाने कितीही फटाफट बोलले तरी मला ठाऊक होतं, की त्या दिवशी माझं सगळं पणाला लागलंय. सहा महिन्यांची मुदत होती. साहेबांसमोर मालगाडीच्या वाघिणी जोडून दाखवल्या, तर नोकरी पक्की आणि खैरगोंदीचं क्वार्टरही कायम. नाही जमलं, तर ऐंशी मैलांवरच्या जंक्शनला प्रवाशांना पाणी द्यायचं काम. माझी सासू अंथरुणाला खिळलेली, दोन्ही पोरी इथल्या शाळेत. सासूला उचलून जंक्शनला नेणार कशी आणि ठेवणार कुठे, याचा विचार करून माझं डोकं फुटायची वेळ आली होती.

आणि खरी गोम वेगळीच होती. सहा महिन्यांत भोयर जमादारांनी मला चालत्या कामात एकदाही वाघिणींच्या मध्ये जाऊ दिलं नव्हतं.

ही एक्याऐंशी सालच्या फाल्गुनातली गोष्ट. खैरगोंदी म्हणजे फाट्यावरचं लहानसं स्टेशन. दिवसाला दोन पॅसेंजर आणि एक मालगाडी. ही मालगाडी लांब पल्ल्याची नव्हे. बोहारीण जशी दारोदार थांबत एक भांडं देते आणि चार कपडे घेते, तशी ती प्रत्येक स्टेशनावर थांबायची. इथे मिठाची वाघीण सोड, तिथली कापसाच्या रुईच्या गाठींची उचल, असं करत दिवसभर रमतगमत जंक्शनला पोचायची. वाघिणी तोडायच्या, जोडायच्या, त्यांचा क्रम लावायचा, यालाच शंटिंग म्हणतात. झेंडी दाखवून इंजिन पुढेमागे करवणारा तो जमादार. दोन वाघिणींच्या मध्ये शिरून साखळी आकड्यात टाकणारा आणि कसणारा एक माणूस त्याच्या हाताखाली. तो माणूस म्हणजे आधी माझा नवरा होता.

आमच्या यार्डाला जबरदस्त वळण. मध्ये शिरलेला माणूस कधी या बाजूने बाहेर यायचा, कधी त्या बाजूने, आणि लांब उभ्या असलेल्या जमादाराला तो दिसायचा नाही. म्हणून जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली होती. मध्ये शिरण्याआधी आपली पांढरी टोपी वाघिणीच्या दाराच्या कडीला अडकवायची. काम झालं की बाहेर येऊन आपली टोपी आपणच काढायची. दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. कडीला टोपी आहे तोवर जमादाराची हिरवी झेंडी काखेतच. रेल्वेच्या कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं, पण खैरगोंदीत ते पुस्तकापेक्षा कडक पाळलं जायचं.

आदल्या श्रावणात एका सकाळी भोयर जमादारांनी हिरवी झेंडी दाखवली, इंजिन सरकलं, आणि माझा नवरा अजून मध्येच होता.

चौकशीत जमादारांनी काही लपवाछपवी केली नाही. “टोपी कडीले होती. मले दिसली नाई. चूक माही हाय,” एवढंच ते तीन वेळा बोलले. टोपी कडीला सापडलीच होती. त्यांना मोठ्या यार्डात बढती मिळायची होती, ती कायमची थांबली. माझ्या नवऱ्याच्या कागदावर शेरा पडला, की कामावर असताना दुसऱ्याच्या चुकीने मृत्यू. त्या शेऱ्यामुळेच तुझा नोकरीचा कागद हलला, स्वतःच्या चुकीने गेला असं निघालं असतं तर तो कागद धूळ खात पडला असता, असं युनियनचे लोक मला सांगत.

बाईने गाड्या जोडायच्या हे कुणी पाहिलं नव्हतं, पण जोडू नये असंही कुठे लिहिलेलं सापडेना. खैरगोंदीत रिकामी जागा तेवढीच होती. मी हट्टच धरला आणि मिळवली. गाव हळहळलं. ज्याने नवरा मारला त्याच्याच हाताखाली काम, काय नशीब बाईचं! जमादारांचं नाव निघालं की सासू भिंतीकडे तोंड करायची. मी त्यांच्यावर दात धरून आहे असंच सगळे समजून चालले होते. मी कुणाचा समज दूर करायला गेले नाही.

जमादारांनी मला शिकवलं मात्र मनापासून. वाघीण घरंगळू नये म्हणून चाकाखाली लाकडाचा गुटका कसा द्यायचा, हातब्रेक कसा आवळायचा, ड्रायव्हरला लांबून हात कसा करायचा. क्रम लावायचं तर मला वेडच लागलं. पुढच्या स्टेशनची वाघीण इंजिनाला लागून हवी, त्यापुढच्याची तिच्या मागे, म्हणजे प्रत्येक ठिकाणी पुढचीच तोडून सोडता येते. संध्याकाळी पोरींबरोबर जमिनीवर चिंचोके मांडून मी तेच खेळत बसायची. पण आत शिरायची वेळ आली, की जमादार स्वतःची टोपी कडीला लावून स्वतःच वाकायचे.

“मी केव्हा?” मी विचारायची.

“उद्या.”

“उद्या म्हंजे कधी?”

“उद्या म्हंजे उद्या. गुटका उचल तो.”

शेवटी दुपारी यार्ड रिकामं झालं आणि ते जेवायला घरी गेले, की मी सायडिंगला उभ्या असलेल्या दोन वाघिणींमध्ये एकटीच शिरायची. ती साखळी म्हणजे पाण्याने भरलेल्या दोन घागरी उचलण्यासारखं काम. पहिल्या दिवशी पायावर आदळली, अंगठ्याचं नख गेलं. पंधरा दिवसांनी ती आकड्यात पडायला लागली. जमादारांना मी हे सांगितलं नाही. पण माझा लंगडा पाय त्यांना दिसला असणारच.

साडेदहाला मालगाडी आली. गफूरमियाँ ड्रायव्हरने इंजिनातून डोकं बाहेर काढून मला हात केला. आमच्यासाठी गाडीत दोन वाघिणी होत्या, त्याही क्रम सोडून लागलेल्या, दुसरी मिठाची आणि पाचवी सिमेंटची. लावायच्या होत्या तीन, लाकडाची बोरखेडीला आणि रुईच्या दोन जंक्शनला.

“हं, बाई,” साहेब म्हणाले, “कसं करणार ते सांगा आधी.”

मी खडू घेऊन फलाटाच्या फरशीवरच चौकोन मांडले. ही इथे तोडायची, ही या रुळावर ढकलायची, इंजिन लाकडाची घेऊन असं परत येणार. बोलता बोलता मी साहेबांना विसरूनच गेले. आठ हालचालींत सगळं बसत होतं.

साहेबांनी जमादारांकडे पाहिलं. “तुम्ही किती घेता?”

“मी दहा-अकरा घेतो साहेब,” जमादार म्हणाले. त्यांच्या तोंडावर पुसट अभिमान होता. “तिचं डोकं चालते यात.”

काम सुरू झालं. रुळांचे सांधे फिरत होते, इंजिन पुढेमागे होत होतं. मिठाची वाघीण सुटली, सिमेंटची धक्क्याला लागली. मी धावत होते, गुटके देत होते, हात करत होते. पण पहिली जोडणी आली तेव्हा जमादार टोपी काढून पुढे झाले आणि माझ्या आधी आत शिरले. दुसरीलाही तेच केलं.

साहेब धक्क्यावरून ओरडले, “अहो जमादार, परीक्षा तुमची आहे की बाईंची?”

जमादारांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

“आता एकच जोडणी उरली,” साहेबांचा आवाज चढला. “ती बाईंनी केली तर मी सही करीन. तुम्ही केलीत तर त्यांचा कागद असाच परत नेईन. समजलं?”

शेवटची जोडणी रुईच्या वाघिणींची होती. इंजिनाने त्या हलक्या हाताने मागे आणून उरलेल्या गाडीला टेकवल्या. वाघिणींच्या टोकांचे बफर एकमेकांवर दाबले गेले आणि सगळं थांबलं. जमादारांनी लाल झेंडी धरली. मी कमरेचं पांढरं फडकं सोडून कडीला बांधलं. टोपी नव्हती, म्हणून नवऱ्याच्या धोतराचा तेवढा तुकडा मी फाडून ठेवला होता. आत शिरायला वाकले, तर जमादार माझ्यासमोर आडवे उभे राहिले.

साहेब आणि मास्तर चाळीस पावलांवर होते. आमचं बोलणं त्यांना ऐकू जाणार नव्हतं.

“बाजूला व्हा, जमादार.”

“नाई होत.”

“काऊन?”

“तू जंक्शनले जाय. पाणी देजो लोकायले. चांगलं काम हाय थे.”

“आन् सासूले काय खाटेसकट गाडीत टाकू?”

“मी पाह्यतो तिच्याकडं. माही बायको पाह्यते.”

“ती तुमच्या हातचं पाणी घेत नाई, हे ठाऊक हाय ना तुमाले?”

त्यांनी मान खाली घातली. सहा महिने ह्या माणसाने मला एका कामापासून अडवून धरलं होतं आणि त्यामुळे आज माझं घर उठायची पाळी आली होती. मला संताप आला. आणि त्या संतापातच, आठ महिने जिभेवर ठेवलेलं माझ्या तोंडून निघून गेलं.

“त्या दिवशी कडीले टोपी होती का हो, जमादार?”

“होती म्हणून सांगतलं ना चौकशीत. मले दिसली नाई.”

“टोपी माह्या अंगणात होती. दोरीवर. वाळत.”

गफूरमियाँनी वाफ सोडली, तशी तिच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मी आणखी जवळ सरकले.

“तुमी बातमी घेऊन आलते घरी,” मी म्हटलं. “मी यार्डाकडं धावली तवा थे दोरीवरच होती. वापस आली तवा नव्हती. मांगं अंगणात तुमीच एकटे राह्यलते.”

“म्हंजे तुले...”

“पह्यल्या दिवसापासून.”

“मंग बोलली काऊन नाई? एवढं गाव मले थुंकते.”

“कोणत्या तोंडानं बोलू?” मी म्हटलं. “मीच धुतली होती थे. मळली होती, पाह्यवत नव्हती. हे निघाले कामावर, तर टोपी वली. हे म्हणत होते, तशीच दे, डोक्यावर वाळन. मी म्हटलं, एक दिवस टोपी नाई घातली तर कोणी मरत नाई.”

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सासूला नाही, आईला नाही. सांगितलं असतं तर गाव जमादारांना सोडून माझ्यामागे लागलं असतं, ही भीती होतीच, खोटं कशाला बोलू. शेरा बदलेल, नोकरी जाईल, हीसुद्धा भीती होती. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की ते वाक्य तोंडाने पुन्हा उच्चारायची माझी हिंमत नव्हती.

जमादारांनी डोळे मिटले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “वलीच होती. कडीले लावली तवा पाणी गळून राह्यलं होतं. चौकशीच्या साहेबानं हाती घेतली, म्हणे घामानं भिजली.”

“कायले केलं तुमी तसं?”

“तो तर गेलाच होता. टोपी नव्हती म्हणून सांगतलं असतं, तर सारं त्याच्याच अंगावर गेलं असतं. पोरीइचं काय झालं असतं?”

“आन् तुमचं?”

“माहं काय?” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. “मी काय खोटं बोललो? चूक माहीच हाय, बाई. टोपी नाई दिसली, म्हटलं निघाला बाहेर, अन् झेंडी केली. चार पावलं चालाचं होतं. जराकसं वाकून पाहाचं होतं. वीस वर्सं टोपीच पाहात आलो. टोपीखालचा माणूस पाहाची सवयच राह्यली नाई.”

मला वाटत होतं, की माझं ऐकून त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. त्यांचं ओझं त्यांचं होतं आणि माझं माझं. फक्त ते आता दोघांना माहीत झालं होतं, इतकंच. पण तेवढ्यानेही मला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला.

“अहो, काय चाललंय तिकडे?” साहेब ओरडले. “पॅसेंजर यायची वेळ झाली!”

“जमादार,” मी म्हटलं, “मले जाऊ द्या. मले येते. दुपारी तुमी जेवाले गेले का मी रोज करते.”

“ठाऊक हाय मले. नख गेलं तुहं.”

“मंग?”

“मंग काय! हात उचलत नाई माहा. तू आत असली का मी झेंडी कशी करू?”

“आज फडक्याकडं पाहू नका. माह्याकडं पाहा.”

त्यांनी गफूरमियाँना मोठ्याने हाक देऊन लाल झेंडी नीट उंच दाखवली, पलीकडून त्याचा ‘हाव’ असा होकार आला याची खात्री केली, आणि बाजूला झाले.

मी बफरखालून आत शिरले. आतमध्ये तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास होता. ज्या जागी आपला माणूस गेला तशा जागी उभं राहिल्यावर काय वाटतं, ते मी सांगू शकत नाही. भीती वाटली, एवढं नक्की. मी वाघिणीला पाठ टेकली. मग खाली नजर गेली. जमादार खडीवर उकिडवे बसले होते. बावन्न वर्षांचा माणूस, गुडघ्यांनी अधू, एका हातात लाल झेंडी जमिनीवर रोवलेली, आणि मान वाकडी करून चाकांमधून माझ्याकडे बघत होते. पापणी लवत नव्हती.

मी साखळी धरली. पहिल्यांदा ती आकड्यापर्यंत पोचलीच नाही. दुसऱ्यांदा आकड्याच्या टोकावर आपटून परत आली आणि माझं मनगट लचकलं.

“मांडीनं दाब दे,” खालून आवाज आला. “हातानं नाई. मांडीनं.”

तिसऱ्यांदा पडली. मी स्क्रू फिरवून कसला, हवेचा पाइप जोडला, सगळं एकदा हाताने चाचपून पाहिलं आणि वाकून बाहेर आले. कडीचं फडकं मीच सोडलं आणि कमरेला खोचलं. धक्क्यावर साहेबांनी खिशातून पेन काढलं होतं. मास्तर घड्याळ बघत होते.

“झालं ना?” साहेबांनी विचारलं. “मग झेंडी द्या!”

जमादार गुडघ्यांवर हात टेकून उठले. मी त्यांच्या शेजारीच उभी होते, एका हाताच्या अंतरावर, घामाने निथळत. त्यांनी मला पाहिलं. तरी ते चार पावलं चालत पुन्हा त्या दोन वाघिणींपाशी गेले, वाकले आणि मधल्या रिकाम्या जागेत बराच वेळ बघत राहिले. साहेबांनी दोनदा हाका मारल्या. गफूरमियाँनी शिट्टी दिली. जमादार घाई करेनात. मग ते सरळ झाले, वळून आणखी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि हिरवी झेंडी वर केली.